बारा इंचांचं मोठेपण

नाक्यावरच्या फोटोलॅबमध्ये मोठेपणाला मर्यादा आहे, आणि ती बारा इंचांची आहे. तुम्ही काउंटरवर कितीही मोठा फोटो मागा, लॅबवाला मनातल्या मनात बारा इंचांवर येऊन थांबतो. त्याच्या यंत्रात कागदाचा जो रोल बसतो, त्याची रुंदी साधारणपणे जास्तीत जास्त तेवढीच असते. लांबी बरीच ओढता येते, रुंदी नाही. म्हणून बारा बाय अठरा हा त्याच्या राज्यातला मोठा फोटो. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान उघडलं की ते बारा बाय छत्तीसचं निघतं, तेही याच कारणाने. डावीकडे हळद, मध्ये सप्तपदी आणि उजवीकडे बागेत धावणारी नवरी अशी आडवी पंगत का मांडलेली असते, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधू नये. ते कागदाच्या रोलमध्ये आहे. मागे पॅरिसचा मनोरा कुठून आला, हे मात्र डिझायनरलाच विचारावं लागेल.

मी या बारा इंचांत समाधानी असणारा माणूस आहे. आमचे एक स्नेही छायाचित्रणातले पंडित आहेत. त्यांच्या मते खरा फोटो सुती कागदावर, बारा शायांच्या प्रिंटरवर, मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलित खोलीतच जन्माला येतो. त्याची किंमत ऐकली की फोटोतल्या माणसाचाही चेहरा पडतो. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. त्यांच्या घराच्या भिंतींवर मात्र एकही फोटो नाही, कारण भिंतीच्या लायकीचा फोटो अजून व्हायचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की नाक्यावरची लॅबही उत्तम मोठा फोटो देते, आणि तो दोघांच्या मसाला डोसा-कॉफीच्या बिलाच्या आसपास बसतो. फक्त तिने आपल्यावर उपकार करू नयेत, हे तिला पटवावं लागतं.

आधी तिचे गुण सांगतो. अशा दुकानात शिरलं की डोळ्यांआधी नाकाला कळतं. रसायनांचा एक आंबूस वास काउंटरपर्यंत आलेला असतो. मागे काचेचं दार, दारावर ‘चप्पल बाहेर काढा’ ही पाटी, आत एसी, आणि एसीच्या गारव्यात माणसांपेक्षा जास्त जपलेलं फ्रंटियर किंवा नोरित्सू. ही यंत्रं शाई उडवत नाहीत. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने ती चांदीचे क्षार असलेल्या कागदावर चित्र लिहितात. मग तो कागद पोटातल्या पोटात डेव्हलपरमध्ये बुडतो, ब्लीच-फिक्समध्ये बुडतो, धुतला जातो, वाळतो आणि चार-पाच मिनिटांत कोमट असा ट्रेमध्ये येऊन पडतो. चांदी धुऊन निघते, रंग तेवढे मागे राहतात. वापरलेल्या द्रावणातून ती चांदी परत काढणाऱ्यांचाही एक धंदा आहे. सांगायचा मुद्दा हा, की या कागदावर भिंग धरलं तरी शाईचे ठिपके दिसत नाहीत. गालावरची सावली अखंड उतरत जाते. पंडितांच्या सुती कागदाची शान वेगळी, हे मान्य. पण आपल्या घरातल्या गालांना हा कागद पुरतो.

अट एकच. रसायन ताजं हवं. ते वापरात असेल तर ताजं राहतं, कारण जितके फोटो निघतील तितकं नवं द्रावण आत येत जातं. म्हणून भजी जशी सतत घाणा उतरणाऱ्या गाडीवर खावी, तसे फोटो गर्दीच्या लॅबमध्ये द्यावेत. रिकाम्या लॅबमधला विनम्र मालक, फिरता पंखा आणि ताबडतोब मिळणारी खुर्ची यांना भुलू नये. बारा बाय अठराचा कागद तिथे महिन्यातून एकदाच बाहेर निघत असेल, तर आपला फोटो म्हणजे त्याची वार्षिक परीक्षा होते. चांगला लॅबवाला सकाळी यंत्र सुरू केल्यावर आधी चाचणीची एक पट्टी काढतो, यंत्राकडून ती वाचून घेतो आणि मगच गिऱ्हाइकाचं काम हातात धरतो. ही पट्टी काढतात का, असं आपण विचारलं तर तो क्षणभर आपल्याकडे बघतो. नंतर आपल्याला थोडा मान मिळतो, तो उपयोगी पडतो.

भिंतीवर परवडणारं मोठं चित्र ही हौस आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. माणसांना भिंतीवर यायला मात्र वेळ लागला. देवानंतर जी माणसं आली ती बहुतेक गेल्यावरच आली. एखादा जुना फोटो ‘एन्लार्ज’ करून आणायचा, हे ऐंशीच्या दशकापर्यंत घरातलं मोठं कार्य असे. आग्फाच्या क्लिक थ्रीवर एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. त्यातला एक निवडायचा, स्टुडिओत द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. आत लाल दिव्याखाली स्टुडिओवाला एन्लार्जरच्या उजेडात हाताने सावली धरून चेहरा सांभाळत असे. ब्रोमाइड कागद बऱ्याचदा आपल्याच हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, उटीला तयार झालेला, ‘इंदू’ नावाचा. ते काळे-पांढरे फोटो अजून ठणठणीत आहेत. त्यानंतर रंग आले, आणि ऐंशीच्या दशकातल्या लग्नांची सगळी वऱ्हाडी मंडळी आज अल्बममध्ये तांबूस होऊन बसली आहेत, कारण त्या कागदांतला निळसर रंग आधी उडाला. आताचे कागद त्या मानाने पुष्कळ टिकाऊ आहेत.

आता भांडणांकडे येऊ. पहिलं भांडण आकाराचं. मोबाईलचा फोटो चारास तीन या मापाचा, कॅमेऱ्याचा तिनास दोन. आठ बाय दहाचा कागद पाचास चार. यातलं कुणाचंच कुणाशी जमत नाही, आणि लग्न मात्र लॅबवाल्याला लावायचं असतं. मोबाईलचा फोटो बारा बाय अठरावर काठोकाठ बसवायचा तर उभ्या मापातला नववा हिस्सा कापावा लागतो. नववा हिस्सा ऐकायला किरकोळ वाटतो, पण आपल्या घरगुती फोटोंत महत्त्वाचं सगळं कडेलाच असतं. गणपतीच्या फोटोत वरून मुकुट जातो, खालून मोदकांचं ताट जातं. कॅमेऱ्याने काढलेला ग्रुप फोटो आठ बाय दहावर घेतला की टोकाची मावशी अर्धी होते, आणि टोकाला उभ्या राहणाऱ्या मावश्या स्वभावाने आधीच नाराज असतात. म्हणून सांगावं, “कापू नका, पूर्ण फोटो बसवा, कडेला पांढरं राहिलं तरी चालेल.” यावर लॅबवाल्याला मनापासून वाईट वाटतं. “काका, कागद फुकट जातो की हो!” त्याला कागद भरलेला हवा असतो. आपण पैसे पूर्ण कागदाचे देतो आणि दोन इंच कोरे घेऊन जातो, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. तरी ठाम राहावं. बारा इंची मोबाईल-फोटो बारा बाय सोळात पुरा मावतो. उरलेल्या दोन इंचांचं काय करायचं ते फ्रेमवाला बघतो.

दुसरं भांडण व्हॉट्सअ‍ॅपचं, आणि यात मी लॅबवाल्याच्या बाजूचा आहे. दुकानाच्या पाटीवर नंबर लिहिलेला असतो, लोक घरबसल्या फोटो पाठवतात, आणि तो फोटो आधी पुण्याच्या मुलाने न्यू जर्सीच्या बहिणीला, तिने ‘कुटुंब’ ग्रुपवर आणि तिथून काकूंनी खाली असा उतरत आलेला असतो. साध्या मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. तो बारा बाय सोळावर छापला तर इंचाला अडीचशे ठिपके मिळतात. लॅबचं यंत्र तीनशेच्या आसपास लिहितं, म्हणजे हे फार छान झालं. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या वाटेने गेला की बहुतेक वेळा १६०० बाय १२०० होऊन पोचतो. ठिपके उरले इंचाला शंभर. एक कोटी वीस लाखांतले एकोणीस लाख वीस हजार शिल्लक, बाकीचे वाटेत. हातातल्या स्क्रीनवर फरक कळत नाही. बारा इंचांवर मात्र नातवाच्या पापण्या एकमेकींत मिसळून जातात. मग गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं मशीन ब्लर मारतं. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह खिशात घालून जावं. चालायला दहा मिनिटं लागतात, तेवढाच व्यायाम.

तिसरं भांडण रंगाचं. हे खरं भांडण, बाकीची दोन लुटुपुटुची. लॅबमध्ये संगणकासमोर जो मुलगा बसतो, त्याच्यापुढे सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटी अशा बटणांचा एक वेगळा कीबोर्ड असतो. फोटो पडद्यावर येतो न येतो तोच त्याची बोटं चालू होतात. डेन्सिटी दोन कमी, यलो एक कमी, झालं. नजर पडद्यावर, एका कानाशी फोन, आणि हात फोटोतल्या माणसांना गोरं करण्यात मग्न. यामागे दुष्टावा नाही. उलट अपार माया आहे.

आमच्या आत्याचा एक फोटो आहे. नऊवारी नेसून ती गावच्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली आहे. दुपारची वेळ, मागे चुन्याची भिंत. आत्या काळी होती. सावळी वगैरे नव्हे, काळी. आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तो फोटो बारा बाय अठरावर करून घेतला तर आत्या गहूवर्णी झाली होती, आणि तिला गहूवर्णी करण्याच्या भरात मागची भिंत पार नाहीशी झाली होती. चुन्याचे पोपडे, खुंटी, खुंटीवरची पिशवी, सगळं पांढऱ्यात गडप. सुपातले तांदूळही गेले. आत्या हवेत बसून हवाच निवडत होती.

“दादा, ही जशी आहे तशी हवी.”

“तशीच आहे काका. थोडा फ्रेश केला.”

“फ्रेश नको.”

“डार्क येईल मग. परत तुम्हीच म्हणाल, प्रिंट काळी आली.”

“आत्याच काळी आहे.”

तो थबकला. असं वाक्य त्या काउंटरवर बहुधा पहिल्यांदाच उमटलं असावं. त्याने पाकीट पुढे ओढलं, त्यावर बॉलपेनने ‘नो करेक्शन’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि रेघेखाली ‘कस्टमरची जबाबदारी’ असं लिहून पाकीट माझ्याकडे वळवलं. मी सही केली. दुसऱ्या प्रिंटमध्ये भिंत परत आली, खुंटी आली, पिशवी आली. तांदळाचा दाणा न् दाणा आला, आणि त्यांच्यामागे आत्या आली.

मुलाचा दोष म्हणाल तर काहीच नाही. दिवसभर त्याच्यापुढे उभं राहणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतं, “थोडं उजळ करा.” मुलीच्या स्थळासाठी फोटो, थोडं उजळ करा. मुलाचा मुंजीतला फोटो, उजळ करा. पासपोर्टचा फोटो, तोही उजळ करा, म्हणजे विमानतळावर ओळख पटायला नको. इतकी वर्षं इतक्या लोकांनी सांगितल्यावर त्याच्या बोटांना ते वळण लागलं. आपण सगळ्यांनी मिळून ते यंत्र गोरं केलं आहे.

तेव्हा ‘नो करेक्शन’ हे शब्द लक्षात ठेवावेत. ते खरोखर पाळले गेले का, हे तपासायची सोयही असते. बऱ्याच प्रिंटच्या पाठीवर यंत्र फिक्या अक्षरांत एक ओळ छापतं. तीत फोटोचा क्रमांक असतो आणि पुढे एन एन एन अशी अक्षरं असतात. एन म्हणजे नॉर्मल, त्या रंगाला हात लावलेला नाही. एनच्या जागी अधिक-उणे आकडे दिसले, की कुणीतरी माया केली असं समजावं. लोक फोटो समोरून बघतात. मी आधी उलटा करून बघतो. काउंटरवरच्या मंडळींना वाटतं, काकांना दिसत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. कधी कधी प्रिंट खरोखर काळपट येते आणि त्यात लॅबचा काही हात नसतो. मोबाईलचा पडदा स्वतःच्या दिव्याने उजळतो, कागदाला दिवा नसतो. रात्री अंथरुणात पूर्ण उजेड लावून पाहिलेला फोटो हॉलमधल्या एका ट्यूबखाली तसा कसा दिसेल? पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून बघावा, आणि तरीही तो आवडला तर छापायला द्यावा. आमचे पंडित स्नेही म्हणतील, अ‍ॅडोबी आरजीबीत दे. देऊ नये. या लॅबना एसआरजीबी समजतं. दुसरं काही दिलं की मिरवणुकीतला गुलाल विटकरी होतो.

आणि बारा बाय अठराच्या आधी त्याच फोटोची एक ‘मॅक्सी’, म्हणजे चार बाय सहा, काढून मागावी. दहा-पंधरा रुपयांचं काम. ती घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर यावं आणि दिवसाच्या उजेडात बघावी. पटली तर आत जाऊन म्हणावं, अशीच मोठी. हिशेबी माणसं इथेच पैसे वाचवतात आणि मग नापसंत मोठी प्रिंट वर्षानुवर्षं कपाटामागे उभी ठेवतात.

मोठ्या फोटोचं सगळ्यात घाईचं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांच्या घरात कुणी गेलेलं आहे ते. दहाव्याला फोटो हवा असतो, आणि घरात आजोबांचा धड एक फोटो सापडत नाही. एक आधार कार्डावरचा, तो घ्यायची कुणाची हिंमत होत नाही. दुसरा पुतणीच्या लग्नातला, सतरा माणसांतला. लॅबवाला त्या सतरांतून आजोबांना सोडवतो. पार्श्वभूमी आकाशी करतो. फेटा असेल तर ठेवतो, शर्टाची कॉलर चुरगळलेली असेल तर न विचारता कोट-टाय चढवतो. ज्यांनी जन्मात कोट घातला नाही अशी किती माणसं आपल्याकडे मरणोत्तर कोटात बसली आहेत! एका घरात मी पाहिलं, आजोबांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांची. व्याही कापले गेले, बोटं राहिली. हार घातला की ती झाकली जातात, म्हणून त्या घरात हार कधी उतरत नाही. इथे मात्र ‘नो करेक्शन’चा आग्रह मी धरणार नाही. त्या घाईत लॅबवाला जे करतो ते चांगलंच करतो, आणि पैशांसाठी त्या दिवशी कुणाला अडवून धरत नाही, हेही पाहिलं आहे.

बारा इंचांच्या पुढे जायचंच असेल तर दोन वाटा. वीस बाय तीसचा फोटो लॅबवाला ‘बाहेरून’ करून आणतो. तो बहुधा रुंद रोलच्या इंकजेट यंत्रावर, फोटोकागदावर छापलेला असतो, आणि चांगला असतो. दर मात्र एकदम उडी मारतो. दुसरी वाट फ्लेक्सची. चौरस फुटाच्या भावात मिळतो म्हणून हल्ली लोक घरातला फोटोही फ्लेक्सवर काढतात. चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा जो फलक लागतो, त्यात भाऊ दहा फूट उंच असतात आणि उजळ दिसतात, कारण आपण त्यांना रस्त्यापलीकडून बघतो. जवळ जाऊन बघा. भाऊंचं नाक म्हणजे नुसते रंगीत ठिपके. भाऊंना लांबून पाहायचं असतं, नातीला सोफ्यावर बसून. घरात फ्लेक्स नको.

प्रिंट हातात आली की विचारतात, “लॅमिनेशन करू? चमकीवालं पण आहे.” नको म्हणावं. फ्रेमवाल्याला मात्र माउंट घालायला सांगावं. फोटो आणि काच यांच्यामध्ये ती पुठ्ठ्याची चौकट नसेल, तर आपल्याकडच्या दमट हवेत कागदाचा वरचा थर काचेला चिकटतो, आणि पुढे फ्रेम उघडायला गेलं की चेहरा काचेबरोबर निघून येतो. माउंटचे पैसे वेगळे, असं तो सांगेल. द्यावेत.

राहता राहिली वेळ. लग्नसराईत लॅबकडे फिरकू नका. यंत्रावर अल्बमांची रांग असते आणि तुमची आत्या त्या रांगेत कुणाच्या तरी मेंदीनंतर येते. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांचे फोटो यंत्र चालतं ठेवतात, म्हणजे रसायन ताजं, आणि मुलालाही तुमचं ऐकायला वेळ असतो. प्रिंट तेव्हा काढा, फ्रेम मात्र दसऱ्यानंतर करा, पावसाळी ओल काचेमागे कोंडू नका. मधल्या काळात प्रिंट गुंडाळून ठेवायची नसते. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट धरून गादीखाली ठेवली तरी चालते. फक्त ती तिथे आहे, हे घरात सांगून ठेवा.